तण

“ही हरळी लावायची व्हय?” सगुणाबाईने गोणपाटातली ओली जुडी नाक मुरडून खाली टाकली. याच रानातली हरळी खणून, वेचून, बांधावर जाळण्यात तिची उभी हयात गेली होती. आता रान विकलं गेलं, तिथे फार्महाऊस उठलं आणि नव्या मालकीणबाईंना उघड्या मातीवर लॉन हवं होतं.

“मावशी, खास पुण्याहून मागवलीय. जपून लावा.”

सगुणाबाईने काड्या खोचल्या, पण मेलेला उंदीर धरावा तशा दोन बोटांत धरून.

महिन्याभरात सगळं हिरवंगार झालं. मधोमध ज्वारीचं एक रोप तरारून वर आलं होतं.

“मावशी, ते तण आधी काढा!” बाई किंचाळल्या.

“काढते की,” म्हणत सगुणाबाई खुरपं घेऊन बसली आणि ज्वारीभोवतीची हरळी मुळासकट खणू लागली.