एकाच मीटरवर

फोन आला तेव्हा सोमेश ऑफिसात चहा पीत होता. कोडोलीहून मेहुणा शिवकुमार बोलत होता.

"दाजी, ताई गेली."

सोमेशने विचारलं, "कुठं?"

पलीकडे शिवकुमार रडू लागला. मग त्याला कळलं.

सोमेशची बायको शांभवी त्याच ऑफिसात काम करी. ताप अंगावर घेऊनच ती विश्रांतीला म्हणून माहेरी गेली होती. ताप डेंगीचा निघाला. जाताना ऑफिसच्या दारातून तिने नवऱ्याला सांगितलं होतं, "माझं मशीन बंद करू नका हं." हे ती नेहमीच सांगायची. उघडं ठेवलेलं काम परत आल्यावर तसंच सापडलं पाहिजे, असा तिचा हट्ट असे.

सोमेशने मशीन बंद केलं नाही.

ते मशीन म्हणजे कॉम्प्युटरचा वेगळा डबा नव्हता. मंगळवार पेठेतल्या त्या ऑफिसात एकच मोठा सर्व्हर होता. सोमेश थेट त्याच्यावर काम करी. शांभवीचं मशीन त्याच सर्व्हरच्या पोटात, सॉफ्टवेअरने उभं केलेलं. प्रोसेसर क्षणात त्याचं काम करी, क्षणात तिचं. कोणाचं किती काम झालं ते मोजणारे काउंटर मात्र दोघांत तेच. एका मीटरवर दोन बिऱ्हाडं असावीत तसं. एकाची पाळी संपली की त्याचा आकडा बाजूला ठेवून दुसऱ्याचा लावायचा. गिऱ्हाइकासाठी ते लिहीत असलेल्या कोडमध्ये हे नीट होत नव्हतं. आकडे एकमेकांत मिसळत.

ती चूक काढायचं काम शांभवीकडे होतं.

"तुमचा सर्व्हर यजमान, माझं मशीन पाहुणं," ती म्हणायची. "यजमानाचं उष्टं पाहुण्याच्या ताटात पडतंय बघा. कोल्हापुरात असं चालतंय होय?"

दुसऱ्याच्या मशीनमध्ये विचारल्याशिवाय जायचं नाही, हा ऑफिसचा नियमही तिचाच. त्यात नवऱ्याला सूट नव्हती. आता विचारायचं कोणाला? सोमेश आत गेला नाही.

समोरच्या स्क्रीनवर प्रत्येकाच्या कामाची एक रेघ दिसे. शांभवीची रेघ तळाशी, बारीक, पण हलत असे. सोमेशला कारण ठाऊक होतं. त्याच्या कामातलं थोडं गळून तिच्या नावावर पडत होतं, एवढंच. तरी सकाळी आल्यावर तो आधी तीच बघे. सुटीच्या दिवशीही येऊन बसे. आपण बसलो तर तिची रेघ हलते, असं त्याला वाटे.

त्याची स्वतःची रेघ पूर्वीपेक्षा वर गेली होती. ऑफिसचा मालक अभिनंदन आल्यागेल्याला ती दाखवायचा.

"गडी बघा कसा काम ओढतोय. दुसरा असता तर हातरूण धरलं असतं."

दिवसभरात काय केलं ते सोमेशला संध्याकाळी आठवत नसे.

पावसाळा सरल्यावर अभिनंदन त्याच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"गिऱ्हाईक बोंबलतंय. तुमचे आकडे खोटे हायत म्हणतंय. वहिनींचं ऱ्हायलेलं काम आता तूच पुरं कर."

"करतो."

"आणि नवीन पोरगी कामाला येतीय. तिला सर्व्हरवर जागा लागणार. वहिनींचं मशीन काढलं तर..."

"त्यात काम चालू आहे."

"कोण करतंय?"

सोमेशने स्क्रीनकडे बघितलं. अभिनंदनने खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला.

"बरं, आकडे नीट होऊ देत. काम निघालं तर ठेव. न्हाय निघालं तर काढ. मी हात लावणार न्हाय, तूच काढ."

काय निघणार ते सोमेशला माहीत होतं. गळती बंद झाली की तिची रेघ सपाट होणार. त्याने काम पुढे ढकललं. आज डोकं दुखतंय, आज नेट नाही, आज घरी लवकर जायचंय. अभिनंदन रोज विचारायचा, "झालं का रे?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचा.

शेवटी सोमेशने कोड लिहिला. तिच्या मशीनमध्ये शिरताना सर्व्हरचे आकडे बाजूला ठेवायचे, तिचे लावायचे. बाहेर येताना उलट. लिहायला दुपारही लागली नाही. तिचं मशीन होतं त्या स्थितीत त्याने डिस्कवर उतरवून ठेवलं, नवीन कोड चढवला आणि थांबलं होतं तिथूनच ते पुन्हा चालू केलं.

अभिनंदन शेजारी येऊन उभा राहिला. दोघं स्क्रीनकडे बघू लागले.

एक रेघ खाली आली. येत येत तळाला टेकली. ती सोमेशची होती.

शांभवीची रेघ वर चढली. सोमेशची इतके महिने जिथे असायची, तिथे जाऊन थांबली.

"उलटं लागलंय काय रे?" अभिनंदन म्हणाला.

सोमेशने कोड पुन्हा तपासला. नावं पुन्हा तपासली. उलटं काहीच नव्हतं.

तेवढ्यात शांभवीची रेघही खाली आली आणि सपाट झाली.

सोमेशने नियम मोडला आणि तिचं मशीन उघडलं. कोडोलीला जायच्या आधी तिने एक चाचणी लावून ठेवली होती. आकडे मिसळतात का ते ती चाचणी बघायची. मिसळले की नापास व्हायची आणि आपली आपण पहिल्यापासून सुरू व्हायची. इतके महिने ती चाचणी हेच करत होती; तिचं काम मात्र सोमेशच्या नावावर पडत होतं. आज ती पहिल्यांदा पास झाली होती आणि थांबली होती. तळाशी शांभवीने घालून ठेवलेला प्रश्न आला होता: आकडे बरोबर आले. आता मशीन बंद करू?

सोमेशने अजून उत्तर दिलेलं नाही.