सोळावा सोमवार

अंथरुणाला खिळलेल्या लेकासाठी लंकाबाई महादेवाला नवस बोलली होती: सोळा सोमवार दिवेलागणीपर्यंत मौन. आज सोळावा, म्हणून ती नाशिकहून सहलीच्या बसनं अमृतेश्वराला आली. दर्शन झालं, धरण पाहिलं, उन्हं कलताना बस रंधा धबधब्याशी थांबली. तिथं बसमधल्या नव्या जोडप्यातला नवरदेव डोळ्याला कॅमेरा लावून नवरीला म्हणत होता, "अजून मागे सर की!" तिच्यामागं शेवाळलेला खडक, खाली डोह. लंकाबाईनं पूजेची घंटा काढून जिवाच्या आकांतानं वाजवली. गाईड हसला, "मावशी, आरती देवळातच झाली ना!" नवरी आणखी सरली. "थांब गं पोरी!" लंकाबाई किंचाळली. नवरी थबकली, नवरदेवानं तिला ओढलं. दोघं पाया पडायला वाकली, तेव्हा सूर्य अजून डोंगरावरच होता. घंटेला कपाळ टेकवून लंकाबाई पुटपुटली, "देवा, पुन्हा पहिल्यापासून धरते. तेवढे सोमवार तरी माझा लेक राहू दे."