बिनसाखरेची कॉफी

लिनार्दोसनं हात केला. "आत या," म्हणाला. "सगळे या."

याकोवोस भर गल्लीत थबकला. त्याच्यामागं आठ पाहुणे उभे होते, सगळ्यांच्या बोटांना लुकुमीच्या मिठाईची पिठीसाखर लागलेली. परदेशी पाहुण्यांना ग्रीक बेटावरचं जुनं गाव पायी फिरवायचं आणि वाटेत सहा ठिकाणी खाऊ घालायचं, हा याकोवोसचा धंदा. लिनार्दोसचं कॉफीचं दुकान त्याच वाटेवर होतं. लिनार्दोस त्याचा बाप. गेले अकरा महिने पोरगा रोज पाहुणे घेऊन दारावरून जायचा आणि बाप रोज पाठ फिरवायचा. बोलणं तर लांबच राहिलं, साधी शिवीसुद्धा नाही.

भांडण आईच्या घरावरून. वरच्या आळीतलं ते घर आईनं जाताना याकोवोसच्या नावे केलं होतं. त्यानं बापाला न विचारता ते अथेन्सच्या एका माणसाला विकून टाकलं. बापाला कळलं ते शेजाऱ्यांकडून. त्यानंतर याकोवोस चारदा माफी मागायला आला. चारही वेळा लिनार्दोसनं खुर्च्या उचलून टेबलांवर उलट्या घातल्या. दुकान बंद.

आज सकाळी मात्र पाववाल्या रोझानं याकोवोसला कानाशी येऊन सांगितलं होतं.

"काल तुझ्या आईच्या घरातली पावाची भट्टी फोडली त्या अथेन्सवाल्यानं. तिथं पोहायचा हौद होणारे म्हणे. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"न ऐकून सांगतोस कुणाला! हातोडा सगळ्या गावानं ऐकला." मग जरा नरमून ती म्हणाली, "तुझा बाप दोन किलो टोस्ट घेऊन गेलाय. तू किती वाजता येतोस, बरोबर किती माणसं असतात, सगळं विचारत होता. जा बाबा. बापाचंच काळीज ते, किती दिवस दगड राहील?"

तेव्हापासून याकोवोसचे पाय जमिनीवर नव्हते. पाहुण्यांना चीज खाऊ घालताना तो त्याचं नावच विसरला होता.

आत दोन टेबलं जोडून पांढरी चादर घातली होती. लिनार्दोस दाढी करून बसला होता, आणि भर जूनच्या उकाड्यात अंगात काळा कोट. पाहुण्यांसाठी नटलाय म्हातारा, याकोवोसला वाटलं. कोपऱ्यात झोर्झिस आणि आणखी दोन म्हातारे बसले होते. एरवी पत्त्यांवरून एकमेकांची आयमाय काढणारी माणसं, आज गप्प.

लिनार्दोसनं स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाढलं. कॉफी, छोट्या पेल्यात ब्रँडी, बशीत बडीशेपेचे टोस्ट. याकोवोसपुढंही ठेवलं. याकोवोसनं घोट घेतला. कडू जहर. त्याला दोन चमचे साखर लागते, हे बापाला लहानपणापासून ठाऊक होतं. अकरा महिन्यांत विसरला असेल, असं म्हणून त्यानं तोही घोट गोड मानून घेतला. मग त्यानं पेला उंचावला आणि झोर्झिसपुढं धरला. झोर्झिसनं आपला पेला मागं घेतला आणि नजर खाली वळवली.

"फारच छान!" एक डॅनिश बाई टोस्ट बुडवत म्हणाली. "बिनसाखरेची कॉफी, ब्रँडी आणि हे. हा बेत तुमच्याकडे कधी करतात? सणाला?"

समोर आलेलं ताट समजावून सांगणं याकोवोसच्या जिभेला सवयीचं होतं. "हे तिन्ही एकत्र आमच्याकडे," त्यानं सुरुवात केली आणि त्याची नजर बापाच्या काळ्या कोटावर गेली. जिभेनं सुरू केलेलं वाक्य तिनंच पुरं केलं. "माणूस पुरून आल्यावर देतात."

बाईंनी टोस्ट खाली ठेवला. सगळ्यांनीच पेले खाली ठेवले. "अरे देवा. कोण गेलं?"

झोर्झिसनं टोपी काढली. "देव त्याला क्षमा करो," तो पुटपुटला.

लिनार्दोसला इंग्रजी जेमतेम येत होतं. पण एवढे शब्द त्यानं जमवून ठेवले होते. "माझा मुलगा," तो म्हणाला. "एकुलता एक. काल."

पाहुण्यांना काय ठाऊक? त्यांच्यापुढं दुःखात बुडालेला एक म्हातारा होता, आणि त्यांचा वाटाड्या पांढराफटक पडला होता. बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "अशा वेळी तुमच्यात काय म्हणतात?"

याकोवोसला ओरडून सांगायचं होतं की मी इथं उभा आहे, जिवंत आहे. पण ते सांगायचं कुणाला? जो मला पुरून बसलाय त्याला?

"'तुम्हाला आयुष्य लाभो,' म्हणतात," तो म्हणाला, आणि त्यानं ते ग्रीक शब्द सावकाश, दोनदा म्हणून दाखवले.

आठही जण उठले. एकेक जण पुढं झाला, म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन तोडक्यामोडक्या उच्चारात तेवढं बोलला. लिनार्दोस प्रत्येकापुढं मान लववत होता.

रांग संपली. शेवटी याकोवोस उरला. त्यानंही हात पुढं केला.

"तुम्हाला आयुष्य लाभो, बाबा."

लिनार्दोसनं त्याचा हात हातात घेतला. अकरा महिन्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"आभारी आहे," तो म्हणाला. "तुम्ही ओळखत होता का त्याला?"