रडकी रेघ

ओव्हनमध्ये पाउंड केक असताना आमच्या अलाबामात कुणी दार आपटत नाही. पोरंसुद्धा चवड्यांवर चालतात. अर्धवट फुललेल्या केकला हादरा बसला की तो मधोमध खचतो आणि आत चिकट, कच्चट पट्टी राहते. तिला आम्ही रडकी रेघ म्हणतो. लग्न करून या घरात आल्यापासून माझ्या प्रत्येक केकात ती निघाली, कारण नेमका माझा केक आत असतानाच मागचं दार वाऱ्यानं आपटायचं. मग चर्चच्या जेवणावळीत माझ्या सासूबाई सगळ्यांदेखत त्यात सुरी घालायच्या आणि मधाळ आवाजात म्हणायच्या, "देव भलं करो बिचारीचं! केकसुद्धा हिच्या तोंडासारखाच रडका." आज सकाळी दोघींची केकची भांडी ओट्यावर भरून तयार होती. "तुझा आधी ठेव, लोरीन. माझ्या केकला ओव्हन चांगला तापलेला लागतो," असं फर्मावून त्या कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या. जरा वेळानं परत आल्या, तेव्हा ओट्यावर एकच भांडं फडक्याखाली झाकलेलं होतं आणि ओव्हनमधून लोण्याचा वास सुटला होता. मी पाठमोरी आहे असं बघून त्यांनी मागचं दार असं आपटलं, की कपाटातल्या बशा खणखणल्या. "अगं बाई, काय वारा सुटलाय!" बाहेर पेकानच्या झाडाचं एक पान हलत नव्हतं. मी हात पुसले आणि ओट्यावरच्या भांड्यावरचं फडकं उचललं. "आई, माझा अजून इथेच आहे. आत तुमचा फुलत होता."