नांग्या भरताना

उजाडायच्या आत सून रानात पोचली. एका हातात खुरपं, दुसऱ्या मुठीत बियाणं. ज्वारी नुकतीच वर आली होती आणि ओळींत जागोजाग भगदाडं होती. कुठे हातभर काहीच नाही, कुठे सगळे कोंब एकाच जागी दाटीवाटीने. या रिकाम्या जागा, म्हणजे नांग्या, भरायला ती आली होती.

पेरताना तिफणीच्या मागून चालत मुठीतून दाणे सोडायचे, हे काम वर्षानुवर्षं सासूचं. तिच्या मुठीचं गावभर नाव. यंदा मात्र हात थरथरत होता. लेकाने पाहिलं, सुनेने पाहिलं, दोघंही मूग गिळून बसले. म्हातारीला कोणत्या तोंडाने सांगणार? पेरणीनंतर ती रानाकडे फिरकली नव्हती, ती यायच्या आत नांग्या भरून दाणे उगवले तर बरं.

सून भराभर माती उकरत, दाणे टाकत, पायाने दाबत कोपऱ्यापर्यंत आली आणि थबकली. पलीकडच्या ओळीत कुणीतरी बसल्या बसल्या पुढे सरकत होतं. सासूच. हातात खुरपं, मूठ वळलेली.

"तू काय करतेस गं इथे?"

"काही नाही. गवत किती झालंय ते बघायला आले."

"मुठीत काय आहे?"

सुनेने हात मागे नेला. "तुमच्या काय आहे?"

सासूला हसू फुटलं, पण टिकलं नाही. "त्याला कळू देऊ नकोस," ती म्हणाली. "पुढच्या साली मला घरी बसवेल."

खोटं बोलायला हवं होतं, पण सुनेची जीभ रेटेना. "बियाणं त्यांनीच काढून दिलंय."

सासूने तिथेच मातीत फतकल मारली. तिचे डोळे भरून आले. सुनेला फार वाईट वाटलं. तीही शेजारी उकिडवी बसली.

"म्हणजे घरात येडी मी एकटीच," सासू नाक ओढत म्हणाली. मग तिने सुनेची मूठ ओढून मांडीवर घेतली. "बघू. अगं, चोरून खाऊ धरल्यासारखी काय आवळलीस? करंगळी सैल सोड. सोड म्हणते ना."

सुनेने सोडली. सगळे दाणे भसकन सांडले.

"पुन्हा," सासू म्हणाली, आणि थरथरत्या बोटांनी मातीतला एकेक दाणा वेचून तिच्या मुठीत भरू लागली.