मावळतीला दोघं

"आज तू माइक बंद ठेव," हरिओम म्हणाला. "आजचा एक दिवस."

दैवशालाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिनं हेडफोनचं बोंड कानात आणखी आत दाबलं. येलदरीच्या माळावर दुपारची मेंढरं बाभळीखाली माना घालून उभी होती. पलीकडच्या झाडाखाली तिचा बाप, धोंडीबा, तोंडावर पटका ओढून लवंडला होता. मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळाच्या फायनलला पाच मिनिटं होती.

"का?"

"अगं, मॅच लाईव्ह आहे. आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जाणार. तुझं ते उगवतीला, मावळतीला... लोक हसतात. मागची क्लिप बघितलीस ना?"

बघितली होती. 'मावळतीला दोगं हायत!' हा तिचाच आवाज, आणि त्याखाली हसून हसून रडणाऱ्या तोंडांची रांग. त्या रांगेत पहिलं तोंड हरिओमनं टाकलेलं होतं. हा मूळचा पाथरीचा. पुण्यात दोन वर्षं काय काढली, जिभेला इस्त्री मारून घेतली पठ्ठ्यानं.

"म्या सांगितलं न्हाई तर तुमाला कळंल कसं, कुनीकडून यायलेत ते?"

"डावीकडे, उजवीकडे असं सांगायचं असतं, दैवशाला. सगळं जग तसंच सांगतं. आम्ही बघतो ते. तू फक्त खेळ."

तिघांच्या टीममधला तिसरा, पूर्णेचा सुरज, सगळं ऐकत होता. त्यानं नुसतं 'रेडी'चं बटण दाबलं. त्याचाही राग आलाच तिला. वर्षभर याच आवाजावर ही टीम जिंकत आली होती. आता चार लोकांपुढं जायची वेळ आली तर आवाज नको, नुसते हात हवेत! तिनं माइक बंद केला. अंगठा असा दाबला की काच फुटायचीच बाकी राहिली.

डावं-उजवं काय तिला कळत नव्हतं? पण कळपाच्या दोन बाजूंना दोन माणसं समोरासमोर उभी असतात. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. लांडगा आल्यावर 'डावीकडं' म्हणून ओरडलं, तर एक जण हमखास उलटा पळतो आणि मेंढरू जातं. मावळत मात्र सगळ्यांची एकच. खेळातही पडद्याच्या वरच्या पट्टीवर दिशा लिहिलेली असते. बघायची अक्कल लागते, एवढंच.

खेळ रंगत गेला. शेवटाला हे तिघं आणि समोरचे दोघं उरले. ते दोघं मावळतीच्या भिंतीआडून सरकताना दैवशालानं टेकडीवरून पाहिले, पण तिच्या बंदुकीच्या टप्प्यात ते नव्हते. तिचा अंगठा माइकच्या बटणाकडं गेला आणि मागं आला.

"हरिओम, डावीकडं!" पावलं ऐकून सुरज ओरडला.

हरिओम गर्रकन वळला, स्वतःच्या डावीकडं. गोळ्या पाठीत बसल्या.

"आरं मेलो की! कुनीकडं हायत रे ते!"

इस्त्री मोडली. पण मेल्यावरही त्याचं तोंड बंद होईना. "सुरज, उजवीकडे! नाही, नाही, तुझ्या डावीकडे! अरे, दुसऱ्या डावीकडे!" सुरज जागच्या जागी भिंगरीसारखा फिरायला लागला.

दैवशालाला आता राग आवरेना. तिनं माइक चालू केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "सुरज, मावळतीला दोगं हायत! भिताडाच्या आड! फीर!"

"दैवशाला, माइक..."

"मेलेल्यानं मधी बोलू न्हाई, हरिओम!"

सुरज एका झटक्यात वळला. एक पडला. त्याच्यामागं दुसरा. पडद्यावर त्यांच्या टीमचं नाव झळकलं.

हरिओमनं घसा साफ केला. आवाज पुन्हा पुण्याचा झाला. "थँक यू, मित्रांनो. शेवटी दैवशालानं बोलायचं, हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. आमची स्ट्रॅटेजीच होती ती."

दैवशालाची कानशिलं तापली. खोटं बोलताना याची जीभ जरासुद्धा अडखळत नाही!

तिनं मान वर केली. धोंडीबा काठी उगारून उभा होता. पटका झाडाखालीच राहिला होता, पायात एकच वहाण होती. झोपेतून उठलेला माणूस, पण कुणाची डावी, कुणाची उजवी असं काही न विचारता बरोबर मावळतीकडं तोंड करून, मेंढरं पाठीशी घालून उभा होता.

"कुटं गेले गं, दैवे?" त्यानं धापा टाकत विचारलं. "दोगं म्हनलीस ना?"

दैवशालानं फोन तोंडाजवळ धरला. माइक चालूच होता.

"दोगं पडले, आबा," ती म्हणाली. "तिसरा आजून बोलायलाय."