आडोसा

शालूनं चमचा तिसऱ्यांदा आबारावांच्या ओठाला लावला आणि तिसऱ्यांदा पाणी हनुवटीवरून गळ्याकडं ओघळलं. म्हातारा बेशुद्ध होता म्हणावं, तर तसंही नाही. चांगला टक्क डोळ्यांनी वर पत्र्याकडं बघत पडला होता. दात मात्र गच्च आवळलेले.

"आबा, दोन घोट घ्या हो. पाया पडते."



बाहेर मे महिन्याची दुपार घनसावंगीचा रस्ता भाजून काढत होती. वृद्धाश्रमातले बाकीचे एकवीस जण पंख्याखाली निपचित पडलेले. आबारावांच्या पोटात तीन दिवसांत वाटीभरसुद्धा पाणी गेलं नव्हतं. सकाळी डॉक्टरांनी सलाइन लावलं, तर लकव्यातून वाचलेल्या डाव्या हातानं त्यांनी नळी हिसडून टाकली. "संध्याकाळपर्यंत पाणी पोटात गेलं नाही तर घरच्यांना बोलावून घ्या," असं सांगून डॉक्टर निघून गेले.

आणि हे सगळं आपल्यामुळं झालंय, हे शालूला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

इथं प्रत्येक खाटेच्या उशाशी एक फळा टांगलेला. जेवण किती, गोळ्या कोणत्या, अंथरूण कितीदा ओलं, सगळं खडूनं त्यावर लिहायचं, म्हणजे पाळी बदलली की विचारत बसायला नको. शालूचं अक्षर मोठं, सुबक. तिला त्याचा केवढा तोरा! तीन दिवसांमागं आबांचे व्याही सर्जेराव भेटायला आले आणि उभ्या उभ्या त्यांनी फळा मोठ्यानं वाचला, "लघवी अंथरुणात, तीनदा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. दिसलं ते वाचलं, झालं. पण व्याह्यासमोर! दोनशे मेंढरं पाळलेला माणूस, व्याह्याच्या दारात कधी मान खाली घातली नाही त्यानं, आणि इथं त्याची लाज शालूनं ठळक अक्षरात टांगून ठेवली होती. सर्जेराव गेले तसं आबांनी पाणी पिणं सोडलं.

शालूनं त्याच दिवशी फळा पुसला होता. तेव्हा आबा एवढंच बोलले होते, "आता पुसून काय करती? त्यानं वाचलं की."

शालूनं चमचा खाली ठेवला. ती खाटेच्या कडेला मटकन बसली आणि तिला रडूच फुटलं. "चुकले, आबा. मला दोन थोबाडीत मारा वाटलं तर. पर असं उपाशी-तहानलेलं मरून मला शिक्षा नका देऊ."

 आबांचे चिकटलेले ओठ कसेबसे सुटले.

"पेलो की अंथरूण भिजतंय. मंग तू लिव्हती."

"न्हाई लिव्हणार."

"न लिव्हता बी भिजतंच की." आबांना धाप लागली. "मला कळतंय गं, लागली म्हणून. हाका मारून राह्यलो तरी कुणी येत न्हाई. कुठवर धरू?"

 त्या हाका शालूनं रोज ऐकल्या होत्या. बावीस माणसांना एका पाळीत ती आणि स्वयंपाकातली द्वारकाबाई, दोघीच बाया. आले आले म्हणेपर्यंत उशीर झालेला असायचा, आणि मग ती फळ्यावर लिहायची.

"बाहीर नेते तुम्हाला," ती बोलून गेली. "लिंबाखाली. बिलकुल नेते."

बोलल्यावर तिला आठवलं. आबांना खाटेवरून हलवायचं नाही, अशी मॅनेजर गोरक्षनाथची सक्त ताकीद होती. पडले-बिडले तर कोण निस्तरणार?

आबांनी मान वळवली. "खरंच का?"

"आईची आन."

म्हातारा पाणी प्यायला. आधी चमच्यानं, मग तांब्यानं. ठसका लागला, थांबला, पुन्हा प्यायला. शालू बाकीच्या खाटा करत राहिली, पण सगळं लक्ष इकडंच. चारच्या सुमाराला आबांचा डावा हात वर झाला.

तिनं स्वयंपाकघरातून द्वारकाबाईला ओढतच आणलं. "अगं बया, माझी कंबर मोडती आता!" म्हणत पिठाच्या हातानं द्वारकाबाईनं आबांना मधे भोक पाडलेल्या खुर्चीत बसवायला हात दिला आणि खुर्ची एका बाजूनं उचलली. दोघींनी धापा टाकत ती लिंबाखाली नेऊन टेकवली. एक चादर ताणून धरली, एक टोक हिच्याकडं, एक तिच्याकडं, आणि दोघी पाठ करून उभ्या राहिल्या.

काही होईना. ऊन तोंडावर येत होतं, हात भरून आले होते. इतके दिवस जिच्या नावानं बोटं मोडली, त्याच लघवीसाठी शालू आता देवाला विनवत होती. एकदा होऊ दे रे बाबा, एकदा. आणि मनात दुसरं वादळ. हे दिवसातून चार वेळा. उद्या द्वारकाबाईची सुट्टी. उद्या दुसरं टोक कोण धरणार? आपण म्हाताऱ्याला फसवलं की काय? पाणी तर पाजून बसलो.

"शालूऽ! डोकं फिरलं का तुझं?" गोरक्षनाथ ओसरीवरून ओरडत, तरातरा इकडंच येत होता. "कुणी सांगितलं त्यांना उतरवायला? आधी आत घ्या! जल्दी!"

चादर सोडता येईना. शालूनं डोळे गच्च मिटून घेतले. आता ओढतो चादर.

तेवढ्यात चादरीमागून आबाराव खाकरले. आजारी माणसाचा खोकला नव्हे तो. गावाकडं आडोशाला बसलेला गडी येणाऱ्याला खाकरून सांगतो ना, की बाबा, तिथंच थांब, मी हाय इथं, तसं. ठणठणीत.

गोरक्षनाथचे पाय जागच्या जागी थांबले. तोही खेड्यातलाच. पुढचं वाक्य तोंडातच ठेवून त्यानं पाठ फिरवली आणि भर उन्हात, मान खाली घालून, गुमान उभा राहिला.